सतरा नंबरचा निबंध

प्रिय नोएला,

घाबरू नकोस, घरात सगळं ठीक आहे. पापांची पाठ नेहमीइतकीच दुखते आणि ते नेहमीइतकंच नाकारतात. पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील, कारण मी तुला लिहिते ते फक्त वाढदिवसाला, आणि तेही कार्डाच्या आत दोन ओळी. पण हे फोनवर जमणारं नाही. फोन स्वयंपाकघरात, पापा दिवसभर स्वयंपाकघरात, आणि तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा सामानाची बांधाबांध थोडा वेळ थांबव आणि खाली बसून वाच. तू रविवारी ओहायोहून निघशील, त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

इकडे गावात तुझ्या नोकरीची दवंडी पिटून झाली आहे. पापांना पोस्टात जायला तीन मिनिटं लागायची, आता तासभर लागतो. "पोरगी परत येतेय, आपल्याच विद्यापीठात, इंग्रजी शिकवायला," असं ते स्टँपच्या रांगेतल्या प्रत्येकाला सांगतात. परवा चर्चच्या पायऱ्यांवर मादाम ऊलेटनी मला गाठलं आणि म्हणाल्या, "बघ लोरेट, शेवटी पाखरू घरट्यात आलं ना?" मी हसून मान डोलावली. त्यांना कुठे माहीत आहे की पाखराने इथे यायला सहा वर्षं नकार दिला होता आणि या खेपेलाही दुसरीकडे कुठे नोकरी मिळाली असती तर आलं नसतं. रागावू नकोस. मला ते कळतं आणि मी त्याबद्दल तुला कधी बोल लावलेला नाही.

गेल्या रविवारी तू फोनवर मुलाखतीच्या दिवसाचं सांगत होतीस. तुझा आवाज इतका मोकळा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. म्हणालीस, "ममा, मला वाटलं होतं सगळे आखडू असतील, पण जेवायला बसल्यावर काय धमाल केली त्यांनी! गोड कुठलं मागवायचं यावर सगळ्यांचं एकमत झालं, तर एकजण गंभीर चेहरा करून बहिणीचं काहीतरी म्हणाला आणि अख्खं टेबल हसत सुटलं. मला काही कळलं नाही, पण मीही हसले." भांडी घासायची आहेत म्हणून फोन ठेवला. भांडी नव्हती.

आता माझ्या कामाबद्दल सांगते, कारण तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. तुला वाटतं मी विद्यापीठाच्या कार्यालयात टायपिंग करते. मी करते ते असं. दर मे महिन्यात पहिल्या वर्षाच्या मुलांचे निबंध गठ्ठ्याने आमच्या कार्यालयात येतात. त्यातले काही चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे, वरचं नाव कापून टाकायचं, नंबर घालायचा आणि प्रती काढायच्या. ऑगस्टमध्ये प्राध्यापक एका खोलीत बसून ते वाचतात आणि एक ते चार गुण देतात. हे गुण मुलांना कधीच कळत नाहीत, त्यांच्या निकालाशी त्यांचा संबंध नसतो. परीक्षा असते ती विद्यापीठाची. आपण मुलांना जे शिकवतो म्हणतो ते त्यांना खरंच येतं का, हे बघायचं आणि मान्यता देणाऱ्या समितीला आलेख दाखवायचा. याला अध्ययन-निष्पत्ती म्हणतात. हा शब्द उच्चारायला मला दोन वर्षं लागली. चार म्हणजे 'प्रगत'. एक म्हणजे 'प्रारंभिक'. आमच्याकडे कुणी नापास होत नाही बाई, फार सभ्य माणसं आहोत आम्ही.

ज्या वर्षी रेने पहिल्या वर्षाला होता, त्या मेमध्ये मी नावं कापत बसले होते आणि कात्रीखाली 'रेने सीर' आलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! एवढ्या पोरांतून माझ्या पोराचा निबंध निघाला. नंबर घालायची वेळ आली तेव्हा गंमत म्हणून मी त्याला सतरा नंबर दिला. सतरा कुठला, हे तुला सांगायला नको. संध्याकाळी मी प्लॉयची धिरडी घालत होते, हा नेहमीप्रमाणे तव्यावरून थेट उचलून तोंडात कोंबत होता. मी म्हटलं, "तुझा निबंध निवडलाय." तो म्हणाला, "कशासाठी? चूल पेटवायला?" मी म्हटलं, "विद्यापीठ किती शिकवतं ते तपासायला." तोंडातला घास तसाच ठेवून तो म्हणाला, "मग गेलं बिचारं विद्यापीठ. ममा, माझ्यामुळे नापास झालं तर त्याला सॉरी सांग हं." पापा इतके हसले की त्यांना पाठ धरून उठावं लागलं. ते हसू मला अजून ऐकू येतं.

ऑगस्टमध्ये काय होतं ते सांगते, कारण पुढच्या आठवड्यात गुरुवारी तू तिथे असशील. आधी मापं जुळवण्याची बैठक होते. प्रत्येकाच्या हातचं माप वेगळं असतं, कुणी दोन देतो तिथे कुणी तीन देतो, म्हणून सगळ्यांनी मिळून आधी काही ठरलेले निबंध वाचायचे. मग प्रेस्कॉटबाई, आमच्या संचालक, "एक, दोन, तीन" म्हणतात आणि सगळे एकदम बोटं वर करतात, जितके गुण तितकी बोटं. बोटं जुळली नाहीत की वाद घालायचा, पुन्हा वाचायचं. कधीकधी एका निबंधावर सकाळ जाते. त्या वर्षी सतरा नंबर आला. मी कोपऱ्यात कॉफीच्या मोठ्या भांड्याजवळ उभी होते. प्रेस्कॉटबाईंनी तीन म्हटलं आणि खोलीभर एकेकच बोट वर झालं. एकाचंही दुसरं बोट हललं नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. बाई हरखून म्हणाल्या, "हा जपून ठेवा. 'एक' म्हणजे काय हे नव्या माणसांना दाखवायला याहून चांगला नमुना मिळणार नाही." तेव्हापासून तो नमुना झाला. दरवर्षी तोच काढायचा, कारण नमुने बदलले तर यंदाचे गुण मागच्या वर्षाशी ताडून बघता येत नाहीत आणि आलेखाची रेघ तुटते. रेघ तुटली की समिती प्रश्न विचारते.

त्या रात्री जेवताना रेनेने विचारलं, "मग? विद्यापीठ पास झालं का?" मी म्हटलं, "आम्हाला सांगायची परवानगी नसते." तो म्हणाला, "म्हणजे झालं वाटतं कल्याण." आणि बटाटे वाढून घेतले. सप्टेंबरमध्ये त्याने नाव नोंदवलं नाही. त्या बोटांमुळे नव्हे, त्याला त्यांचा पत्ताच नव्हता. पापांना वाकावं लागेल असं काम होईना, तुझी फी तिकडे चालू होती, आणि जंगलात लाकडाच्या ट्रकवर माणूस हवा होता. मी ओरडले, पापा ओरडले. तो म्हणाला, "एक वर्ष. नोएला मार्गी लागली की मी परत बसतो." पुढच्या फेब्रुवारीत बर्फाच्या रस्त्यावर ओंडके सरकले. पुढचं तुला माहीत आहे.

तू दफनाला आलीस, उभी राहिलीस आणि दुसऱ्या दिवशी गेलीस. तेव्हापासून तू त्याचं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही. मला ठाऊक आहे तू काय उराशी धरून बसली आहेस. त्याच्या निबंधाच्या आधीचा नाताळ. टेबलावर खिमा भरलेली टुर्टिएर कापली जात होती आणि तुम्ही दोघं काढणीच्या सुट्टीवरून जुंपलात. शाळेत वादविवाद स्पर्धेत तू हाच विषय घेऊन बक्षीस आणलं होतंस, बटाटे काढायला शाळा बंद ठेवणं म्हणजे मुलांना राबवून घ्यायचं निमित्त, ही सुट्टी बंद झाली पाहिजे. तो म्हणाला, "तुझं खरं मत हे नाहीच." तू म्हणालीस, "माझं खरं मत मला विचार. तू इथेच कुजशील, नखातली माती घेऊन मरशील." पापांनी सुरी खाली ठेवली. पुढच्या नाताळात तू आली नाहीस, परीक्षा आहे म्हणालीस. मग फेब्रुवारी आला. हे मी तुला टोचायला लिहीत नाही, पोरी. तू ते रोज स्वतःला ऐकवतेस हे मला माहीत आहे म्हणून लिहितेय.

तर निबंध. विषय दिला होता, आपल्या भागातला एखादा प्रश्न घ्या, बाजू मांडा, पुरावे द्या, विरुद्ध मत सांगून ते खोडून काढा. त्याने काढणीची सुट्टी घेतली, ती असावी म्हणून. त्याचं म्हणणं काय, हे पहिल्या पानावर नीट सापडतच नाही. विरुद्ध मत खोडायचं होतं तिथे त्याने लिहिलंय, 'या बाबतीत माझे कोणी विरोधक नाहीत. माझी बहीण आणि मी, आमचं एकच मत आहे.' संपलं. तिथे पहिल्या वर्षीच हशा पिकला. टिल्टन नावाचे एक प्राध्यापक आहेत, त्यांचा आवाज छान भरदार आहे, ते दरवर्षी नव्या लोकांना तो निबंध मोठ्याने वाचून दाखवतात आणि या वाक्याच्या आधी थोडं थांबतात. आता ते वाक्य सगळ्या विभागाचं झालंय. सभेत ठरावाला कुणी विरोध केला नाही की कुणीतरी म्हणतं, "माझी बहीण आणि मी, आमचं एकच मत आहे," आणि सगळे हसतात. यातली निम्मी माणसं निबंध विसरून गेली आहेत, वाक्य तेवढं राहिलंय.

टिल्टनना तू वाईट समजू नकोस. रेने गेला तेव्हा पायऱ्यांवरचा बर्फ उपसायला कोण आलं होतं, आठवतं? उंच, लाल टोपीवाला माणूस, पापांना कॉफीसुद्धा करू दिली नाही. ते टिल्टन. कार्यालयातल्या लोरेटचा मुलगा गेला म्हणून आले होते. ज्याच्यासाठी बर्फ उपसला त्याचंच वाक्य आपण नाटकीपणे वाचतो, हे त्यांना आजही माहीत नाही. नाव मी कापलं होतं ना.

तू विचारशील, मग सांगितलं का नाहीस? निबंध काढून का घेतला नाहीस? एकदा गेले होते प्रेस्कॉटबाईंकडे. रेनेचं नाव न घेता म्हटलं, सतरा नंबर आता पुरे झाला, दुसरा शोधू. त्या म्हणाल्या, "अगं लोरेट, तो तर आपला हुकमी नमुना! आणि नाव कुठे आहे त्यावर? कुणाला लागतंय?" मी म्हटलं, बरं. नाव सांगितलं असतं तर त्यांचा चेहरा पांढरा पडला असता. सगळ्यांनी घरी केक आणून दिले असते आणि निबंध त्याच दिवशी कपाटात गेला असता. किंवा त्याहून वाईट, कुणीतरी दयेने दोन बोटं वर केली असती. मला माझ्या पोरासाठी दयेचं बोट नको होतं. आणि खरं सांगू? दर ऑगस्टमध्ये मला तिथे जायला आवडतं. ती खोली एरवी त्याला ओळखत नाही, पण वर्षातून एकदा का होईना, त्याने लिहिलेलं तिथे कुणीतरी मोठ्याने वाचतं. लोक हसले की मी कॉफीचा नळ सोडते, म्हणजे कुणाचं माझ्याकडे लक्ष जात नाही. मग स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुते. अशी ही तुझी आई, दुखतं तिथेच पुन्हा बोट लावून बघणारी.

पण टिल्टन दोन पानांवर थांबतात. सगळेच थांबतात. तोवर 'एक' नक्की झालेला असतो, मग पुढे वाचायचं कशाला? तिसऱ्या पानावर पुरावा आहे. त्याने लिहिलंय की तो सात वर्षांचा असताना पहिल्यांदा काढणीला गेला, थेरियोच्या शेतावर, जिथे तेव्हाही हाताने वेचायचे. पिंप भरलं की ज्याने त्याने आपल्या नंबराची चिठ्ठी त्यावर लावायची, ट्रक येऊन उचलून नेणार. त्याचा नंबर सतरा. म्हातारा थेरियो दम द्यायचा की ज्याची पिंपं कमी भरतील त्याला घरी पाठवीन, आणि रेनेला घरी जायचं नव्हतं, कारण सगळी मुलं तिथे होती आणि तू तिथे होतीस. पुढे त्याने लिहिलंय, 'मी वेचत होतो त्यापेक्षा माझी पिंपं जास्त भरत होती. मी मागे वळून बघायचो तेव्हा माझी बहीण दुसरीकडे बघत असायची. थेरियो तिला आळशी म्हणायचा, सगळ्यांसमोर. ती काही बोलायची नाही. तिला वाटायचं मला कळत नाही. मी लहान होतो, पण मला मोजता येत होतं. म्हणून मी म्हणतो की काढणीची सुट्टी असावी.' एवढंच. पुढे दोन ओळी शिक्षकांना, वेळ संपला म्हणून क्षमस्व.

हे तू कुणाला सांगितलं नव्हतंस ना? मलाही नाही. मीसुद्धा तुला आळशी म्हणाले होते, थेरियोच्या सांगण्यावरून. त्या नाताळच्या भांडणानंतर तीन महिन्यांनी बसून त्याने हे लिहिलं आणि वर लिहिलं की आमचं एकच मत आहे. आधी मला वाटलं, बावळट, काल-परवा तर ती तुझ्या अंगावर धावून गेली होती. आता वाटतं, तू टेबलावर काय बोललीस ते त्याने मनावर घेतलंच नव्हतं. त्याने धरून ठेवल्या होत्या त्या तू तुझ्या पिंपांवर लावलेल्या त्याच्या चिठ्ठ्या.

आता हे पत्र का, ते. तू त्या दिवशी जेवताना ज्यावर हसलीस ते रेनेचं वाक्य होतं, नोएला, आणि ती बहीण तू आहेस. हे तुला कधीतरी कळणारच होतं, पण त्या गुरुवारी सकाळी, अनोळखी माणसांच्या मध्ये, टिल्टनच्या आवाजात कळू नये, एवढ्यासाठी लिहिलं. तुला खोली सोडून जावंसं वाटलं तर जा, मी काहीतरी कारण सांगेन. उभं राहून सगळ्यांना सांगावंसं वाटलं तर सांग, माझ्या नोकरीची काळजी करू नकोस. नोकरीच नको वाटली तर गाडी उलटी वळव, पापांना मी समजावेन. आणि बसलीस, तर प्रेस्कॉटबाई तीन म्हणतील तेव्हा तुझी किती बोटं वर जातील ते तुझं तू ठरव. एकच वर केलंस तरी मी तुला काही म्हणणार नाही. तू शिकलेली आहेस, आणि निबंध म्हणून तो 'एक'च आहे, मलाही आता कळतं. फक्त बोट वर करण्याआधी तिसरं पान उलट. या सहा वर्षांत त्या खोलीत ते कुणी उलटलेलं मी पाहिलेलं नाही. मी कॉफीपाशी असेन.

तुझीच,
ममा